मदत हवी आहे : पीएचडी राज्यशास्त्रात करू की भूगोलात?

पूर्वभागवाली

नमस्कार मंडळी. एम.ए. राज्यशास्त्रात झालंय, नेट परीक्षाही झाली (जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली). विषय पक्का आहे, पण तो घेऊन कुणाच्या दारात जायचं ते कळेना.

सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार बायकांची अख्खी हयात भाड्याच्या खोलीत जायची. माकपचे कामगार नेते नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, यांच्या लढ्यातून कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत झाली, २००६ मध्ये १० हजार घरं. पुढे तिथेच रे नगर, ३० हजार घरांची योजना. त्यातल्या १५ हजारांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिला. म्हणजे शहरातला मतदार दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या गावात गेला. त्यात २००८ ची मतदारसंघ पुनर्रचना. मास्तर २००४ ला सोलापूर शहर दक्षिणमधून आमदार झाले, २००९ ला शहर मध्यमधून पडले.

लाल बावटा तोच, घरंही त्यांनीच मिळवून दिली. मग मतं गेली कुठे? कुंभारीला गेलेल्यांबरोबर गेली, पुनर्रचनेत फुटली, की माणसं जागेवरच आहेत आणि मन फिरलंय? माझा प्रबंध एवढाच.

राज्यशास्त्राचे सर म्हणाले, "हा तर भूगोल झाला." भूगोलाच्या मॅडम म्हणाल्या, "पक्ष आणि युनियन आमच्याकडे कशाला?" दोघंही शांतपणे बोलले, चहाही पाजला, पण हो कुणीच म्हणेना.

दुसरं दुखणं आकड्यांचं. फॉर्म २० मध्ये, म्हणजे निवडणुकीच्या अंतिम निकालपत्रात, मतदान केंद्रनिहाय मतं मिळतात, पण कागदावर नुसता केंद्र क्रमांक. त्या क्रमांकाखाली कुठल्या गल्ल्या येतात ते कसं शोधायचं? जनगणनेचे वॉर्ड वेगळे, महापालिकेचे प्रभाग वेगळे. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

चाटीगल्ली

ताई, राज्यशास्त्रातच नोंदणी करा. उद्या प्राध्यापकीची जाहिरात निघाली की एम.ए. आणि पीएचडी एकाच विषयातली असलेली बरी, नाहीतर छाननीत लोक उगाच शंका काढतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक घेता येतो. मॅडमना तिथे गळ घाला. चहा पाजणारा माणूस अर्धा तयार असतो.

सरांपुढे जाताना आराखड्यात नकाशा मागे टाका आणि "मतं कुठे गेली" हा प्रश्न पहिल्या ओळीत आणा. मुदत सहा वर्षं, बायकांना दोन वर्षं जादा मिळू शकतात. शिष्यवृत्तीसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांपैकी जिथे बसत असाल तिथली कागदपत्रं आत्ताच गोळा करा.

नकाशेवाली

गल्ल्यांचं उत्तर मतदार यादीतच आहे. प्रत्येक यादी भागाच्या पहिल्या पानावर त्यात येणाऱ्या वस्त्यांची नावं असतात, आणि पुढे हाताने काढल्यासारखा नजरी नकाशा : केंद्राची शाळा, रस्ते, कधी एखादं देऊळ. तो क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उपग्रह चित्रावर बसवायचा. काम किचकट आहे, डोळे जातात, पण होतं. मतदार वाढले की केंद्र फोडतात आणि पुढचे क्रमांक सरकतात, म्हणून दोन निवडणुका क्रमांकावरून जोडू नका, वस्तीच्या नावावरून जोडा.

खरी अडचण पुढे आहे. कुंभारीच्या केंद्रावर एखाद्या पक्षाला भरघोस मतं पडली, म्हणून ती विडीवाल्या बायकांनीच दिली असं म्हणता येत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेवरून हेच दाखवलं : परदेशात जन्मलेले जिथे जास्त, त्या राज्यांत निरक्षरता कमी, पण माणसागणिक पाहिलं तर निरक्षरता त्यांच्यातच जास्त. तोंडी परीक्षेत हा प्रश्न येणारच. त्यामुळे केंद्राचे आकडे फक्त कुठे जायचं ते ठरवायला वापरा आणि मुलाखती घ्या. विडी कारखान्यात विड्या जमा करायच्या वेळी बायका रांगेत असतात, तेव्हा बोलतात, बऱ्याच जणी तेलुगूत. तेलुगू येतं का तुम्हाला?

पूर्वभागवाली

दोघांचे आभार. तेलुगू येतं, घरात तेच बोलतो. सरांना सोमवारी परत भेटते. पण २००४ च्या याद्यांना नजरी नकाशे होते का, आणि त्या जुन्या याद्या मागायच्या कुणाकडे, तहसीलला की जिल्हा निवडणूक शाखेत? कुणी माहितीच्या अधिकारात मागवल्या असतील तर अर्ज कसा लिहिला तेही सांगा.