सेल्फ नुसता घरघरतो, फ्लायव्हीलची रिंग बदलायची का?

टेम्पोवाला_तुर्भे:
नमस्कार मंडळी, फोर सिलिंडर डिझेल टेम्पो आहे, एपीएमसीला भाजीच्या ट्रिपा मारतो. पंधरा दिवस झाले, कधी एका झटक्यात स्टार्ट होतो तर कधी सेल्फ (स्टार्टर मोटर) घर्रर्र करून मोकळाच फिरतो, मग खाली वाकून पुलीला पाना लावून इंजिन जरासं फिरवलं की लगेच लागतो. पहाटे तीनला गाळ्यासमोर हा तमाशा आणि मागचे हॉर्न वाजवतायत. मेकॅनिक म्हणतो फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनमागच्या जड चाकाच्या, कडेवरच्या रिंगचे दाते गेलेत, वेल्डिंगने भरून देतो. भरून घेऊ का?

रबाळे_लेथ:
नको दादा. वेल्डिंग करून हाताने घासलेला दाता मापात येत नाही, वर सेल्फचं पिनियन (रिंगच्या दात्यांत अडकून इंजिन फिरवणारं छोटं दातेरी चाक) खातो. बंद होताना इंजिन कॉम्प्रेशनवर अडकून ठरलेल्या जागीच थांबतं, फोर सिलिंडरला समोरासमोर दोन जागा, तिथलेच दाते झिजतात आणि बाकी रिंग कोरी. पान्याने इंजिन जरा फिरलं की कोरे दाते समोर येतात, म्हणून तुमचा पाना चालतो.
रिंगच बदला. दोन दात्यांच्या मधे ड्रिल मारायचं (फ्लायव्हीलला लागू न देता), मग छिन्नीचा घाव, तडकते. नवी रिंग 200-220 डिग्रीपर्यंत तापवायची, 300 मिमी व्यासाची तेवढ्यात साधारण पाऊण मिलिमीटर फुगते, की लगेच ठेवून सगळीकडून टेकवायची. हात थांबला तर अर्ध्यातच आवळते.

घोडबंदरकर:
आमच्याकडे एकाने गॅस कटरने तापवली, एका जागी पार निळी केली आणि वर पाणी ओतलं 🤦 निळी म्हणजे 300 च्या आसपास, दात्यांचा कडकपणा गेला, पुन्हा तेच रडगाणं. सारखी तापवा, आपोआप गार होऊ द्या. आणि दात्यांची तासलेली कड पिनियन येतं त्या बाजूला, उलटी बसवली तर सगळं पुन्हा खोला. जुनीचा फोटो आधीच काढा. गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील पण बघून घ्या.

टेम्पोवाला_तुर्भे:
आज गिअरबॉक्स उतरवला. खडूने खुणा करून मोजले, एका बाजूला नऊ दाते बोथट, बरोबर समोर सात. पिनियनपण गेलंय. रबाळेवाले, रविवारी चालू असता का?

रबाळे_लेथ:
दुपारपर्यंत. फ्लायव्हीलवर रिंग बसायची जागा चकचकीत पुसून आणा, मागे एकाने ग्रीससकट आणलं तर सगळं शॉप धुराने भरलं.