बालवाडीतल्या पोरांना बोलतं कसं करता? (अनुभव धागा)

गड्ड्यावर (सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेत) पिपाणी ऐकली आणि डोळे मिटून आवाज ओळखायचा खेळ आठवला. पडद्यामागे घंटी, डबा, चुरगळलेला कागद. एका वेळी तीनच आवाज; जास्त झाले की पोरं नुसते अंदाज ठोकतात. तुमचं लिहा.

पूर्वभाग: पिशवीचा खेळ! कांडी, टॉवेलचा तुकडा, बांगडी, शेंग. न बघता चाचपायचं. "काय आहे?" विचारलं की एका शब्दात काम संपतं. "हाताला कसं लागतंय?" विचारा. गट ६ चाच ठेवा. २५ पोरं असली की मागची चपला लपवत बसतात.

खडूवाली: शेंग नको हो, खेळ संपेपर्यंत टरफलं उरतात 😄

पूर्वभाग: चटणी मागत नाहीत हे नशीब!

बोरूबहाद्दर: प्रश्न विचारून मनात पाच आकडे मोजा. बाईच उत्तर सांगून मोकळ्या होतात, तिथंच गोची.

दुधनीकर: घरी कन्नड असलेली पोरं सुरुवातीला तोंडच उघडत नाहीत. काय करावं?

खडूवाली: गप्प म्हणजे कळत नाही असं नव्हे. "डबा उचल आणि खिडकीत ठेव" अशी दोन कामं एकत्र सांगा, पण हात मागे बांधून. आपण बोट दाखवतो, पोरगं बोट बघून करतं, आणि आपल्याला वाटतं ऐकलं. घरी कन्नड बंद करायला मात्र सांगू नका, गोष्टी त्याच भाषेत होऊ द्या. तेलुगू घरातली पोरं 'ती झाड' म्हणतात, कारण तेलुगूत एकवचनात स्त्रीलिंग-नपुंसकलिंगाचं क्रियापद एकच. "चूक" म्हणू नका. "हो, ते झाड केवढं मोठं आहे!" म्हणून पुढं चला.

दुधनीकर: हे भारी. सोमवारी करतो.

सुईदोरा: भाकरी तव्यावर आहे, पटकन लिहिते. सारखी सर्दी आणि हाक मारल्यावर "आं?" असेल तर कान तपासा. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं की ऐकू कमी येतं, आपण म्हणतो लक्ष नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, तेव्हा नाव पुढं करा.

नवीन_आई: साडेचार वर्षांचा आहे, 'र'ला 'ल' म्हणतो. दाखवू का?

बोरूबहाद्दर: 'र' उशिरा येतो, सध्या थांबा. पण बाहेरच्या माणसाला त्याचं निम्मं बोलणं कळत नसेल तर दाखवा. आणि पाहुण्यांपुढं "राजा म्हण बघू" बंद करा.

नवीन_आई: सासूबाईंना वाचून दाखवते 🙈