एसएफजी स्पेक्ट्रममधली साखळ्यांची शिस्त एसडीएसची की डोडेकॅनॉलची? मदत हवी आहे

हवा-पाणी पृष्ठभागावर सोडियम डोडेसिल सल्फेटच्या (एसडीएस, साबणासारखा सर्फॅक्टंट) साखळ्या कितपत सरळ उभ्या राहतात, हे सम-फ्रिक्वेन्सी जनरेशनने (एसएफजी, पृष्ठभागावरच्या रेणूंचा सिग्नल देणारी लेसर पद्धत) तपासतोय. ब्रॉडबँड, होमोडाइन सेटअप (फक्त तीव्रता मोजतो, फेज नाही). किरणांच्या ध्रुवीकरणाच्या जोडण्या एसएसपी आणि पीपीपी. पाण्यातल्या ओएच बंधाचा पसरट सिग्नल साखळ्यांच्या सीएच बंधांच्या भागात ढवळाढवळ करतो म्हणून मोजमाप जड पाण्यात करतोय.

अडचण अशी: सीएमसीच्या (ज्या संहतीला रेणूंचे पुंजके, म्हणजे मिसेल, बनू लागतात; साधारण ८ मिलिमोलर) बऱ्याच खाली, २८७८ सेमी⁻¹ च्या आसपासचा मिथिल पट्टा २८५० च्या मिथिलीन पट्ट्यापेक्षा कितीतरी उंच येतो. म्हणजे साखळ्यांत गॉश वळणं (साखळी वाकवणारे बाक) कमी. पण एवढ्या विरळ थरात इतकी शिस्त? मला पटत नाही. सीएमसी ओलांडली की गुणोत्तर खाली येतं. संशय अर्थातच डोडेकॅनॉलवर (एसडीएसमधली नेहमीची अल्कोहोल अशुद्धी), कारण सीएमसीनंतर ते पृष्ठभाग सोडून मिसेलमध्ये ओढलं जातं.

इथेनॉलमधून पुनर्स्फटिकीकरण केलंय, द्रावण रोज ताजं बनवतो. तरी पृष्ठताणाच्या आलेखात सीएमसीजवळ उथळ खड्डा उरतोच, म्हणजे अशुद्धी अजून आहे. काचसामान, लेसरची स्थिरता, क्वार्ट्‌झ संदर्भ हे सगळं तपासून झालंय, त्यामुळे तिकडे नको वळूया. हेटेरोडाइन (फेजही मोजणारी पद्धत) शक्य नाही. ड्युटेरियमयुक्त एसडीएस (ज्याचा सीएच भागात सिग्नल येत नाही) आहे, पण अगदी थोडं.

ते वापरून त्यात साधं डोडेकॅनॉल ठरावीक प्रमाणात मिसळलं, तर सीएच भागातला सिग्नल फक्त त्याचाच मानून कॅलिब्रेशन करता येईल का? की मिश्र थरात दोघांची रचनाच बदलत असल्याने ही वजाबाकी मुळातच चुकीची ठरेल, आणि आधी फोम फ्रॅक्शनेशनने (फेसाबरोबर अशुद्धी काढून टाकून) शुद्धीकरण करणंच बरं?