चौकट : तीन लाकडांची का चार?

घराचं काम चालू हाये आमचं. वाढई म्हने दाराची चौकट तयार झाली, पाहाले गेलो तं लाकडं तीनच, दोन उभे अन् एक वरतं, खाली काहीच नाई. खिडकीले मात्र चारही बाजूनं हाये. मंग दोन्हीले चौकटच काहून म्हन्तेत? अन् हिंदीतल्या चौखटशी याचा काही संबंध हाये का?

—

संबंध कसला, शब्द एकच आहे. मूळ संस्कृत चतुष्काष्ठ, चतुः म्हणजे चार अन् काष्ठ म्हणजे लाकूड, त्याचं मराठीत चौकट झालं अन् हिंदीत चौखट. म्हणून तुमची खिडकी शब्दाला धरून आहे, दारच एका लाकडानं कमी पडलं. पत्त्यातली चौकट पहा, तिलाही चार बाजू आहेतच.

दाराचं ते चौथं लाकूड म्हणजे उंबरठा, आपल्याकडे म्हातारी माणसं उमरा म्हणतात. हा शब्द उंबराच्या झाडावरून आला, संस्कृतात उदुंबर म्हणजे झाडही अन् दाराखालची पट्टीही, देवळाच्या बांधकामात गाभाऱ्याच्या दाराखालचा दगड असतो त्यालाही उदुंबरच म्हणतात, म्हणजे लाकूड जाऊन दगड आला तरी नाव झाडाचंच राहिलं. आपल्या घरांत तर उंबरठा सागाचाच असायचा, उंबराचं लाकूड टिकाऊ कुठे असते. वरच्या लाकडावर गणपती कोरत म्हणून ती गणेशपट्टी. अन् वाढई हाही जुनाच शब्द बरं का, संस्कृत वर्धकी, हिंदीत बढई.

आता टाईल्स आल्या, रोज पोछा, खालचं लाकूड ओलं राहते मग उदई लागते, म्हणून लोक ते टाकतच नाहीत. कारण पटते मला, पण चौकट उभी करताना हळदकुंकू, नारळ, वाढयाला टोपी-दुपट्टा हे सगळं आपण अजून करतो, अन् ज्याला रोज पाणी घालून हळदीकुंकवाची बोटं लावायची तो उंबरठाच नसावा हे मनाला लागते.

—

हे मायले वाचून दाखवलं. जुन्या घराचा सागवानी उमरा गोठ्यात पडून हाये, मधात पाय घासून घासून वाटीवानी खोल झाला, पन उदई नाई लागली. माय म्हने तोच बसवा. उद्या वाढयाले मापाले बोलावलं हाये.