उंच माणसानं लांबच्या रायडिंगला पायांचं काय करायचं? माझं मत: फुटपेगला (पाय ठेवायच्या दांड्याला) हात लावू नका, आधी सीट उचला

पंचगंगाकाठ (धागा सुरू करणारा)

माझी उंची सहा फूट दोन इंच. कामामुळं महिन्यातनं दोनदा कोल्हापूर-पुणे बाइकवरनं करतो, एका बाजूला साधारण २३० किलोमीटर. किणी टोलनाका, पेठ नाका इथवर काही जाणवत नाही. कराड आलं की उजव्या गुडघ्याच्या वाटीमागं ठसठस सुरू होते. साताऱ्यात चहाला उतरलो की पहिली दहा पावलं वाकूनच टाकावी लागतात. दोन वर्षं हे अंगावर काढलं. वय झालं म्हणावं तर मी चौतीस वर्षांचा आहे.

शेवटी मित्राला म्हटलं, मी गाडीवर बसतो, तू बाजूनं फोटो काढ. फोटोची प्रिंट काढली आणि पुतण्याच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन गुडघ्याचा कोन बघितला. काटकोनाच्या बराच आत होता. म्हणजे पाच तास मी जवळजवळ उकिडवाच बसत होतो.

शोरूममध्ये जी सीट हाइट सांगतात, ती जमिनीपासूनची. सिग्नलला पाय टेकतील का, एवढंच त्यातनं कळतं. गुडघ्याला कळतं ते सीट ते फुटपेग हे अंतर, आणि ते कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. रॉयल एनफिल्डच्या मिटिअर ३५० ची सीट ७६५ मिमी, क्लासिक ३५० ची ८०५. तरी मिटिअरवर पाय पुढं पसरतात, कारण तिचे फुटपेगच पुढं आहेत. नुसत्या सीट हाइटवर गाडी निवडणारा उंच माणूस हमखास फसतो. मी तसाच फसलो.

मग दुसरी सीट घेतली आणि तिच्यात दीड इंच कडक फोम भरून घेतला. ओरिजिनल सीट घरात तशीच ठेवली आहे. पुन्हा फोटो, पुन्हा कोनमापक: पाच-सहा अंशांचा फरक. ऐकायला थोडा वाटतो, पण आता ठसठस कराडऐवजी खंबाटकी घाटाच्या आसपास सुरू होते, आणि तिथनं पुणं फार लांब राहत नाही.

माझं म्हणणं एवढंच: फुटपेग खाली घेणं, पुढच्या क्रॅशगार्डवर पाय लांब करून ठेवायला हायवे पेग लावणं हे सगळं नंतर. पहिल्यांदा सीट. तुमचं मत सांगा, पटलं नाही तर जरूर भांडा.

---

लेथवाला, उद्यमनगर

भावा, तुझा गुडघा बरा झाला याचा आनंद आहे. पण सीट उचलली की अजून काय काय बदलतं ते तू लिहिलंच नाहीस. तू दीड इंच वर गेलास, हँडल जागेवरच राहिलं. म्हणजे तू पुढं वाकणार, मनगटावर भार येणार. मग हँडल उंच करायला रायझर घ्या, मग क्लचची केबल अपुरी पडली की तीही बदला. गाडीचा आणि स्वाराचा मिळून गुरुत्वमध्यही वर जातो, हळू चालवताना ते कळतं.

त्यापेक्षा फुटपेग एक इंच खाली घ्यायचा. बुड जागेवर, हात जागेवर, फक्त पाय मोकळे. आपल्या गावात याला काय अडचण आहे? शिवाजी उद्यमनगरात फिरलास तर माइल्ड स्टीलची जाड पट्टी कापून, भोकं पाडून, ब्रॅकेट तासा-दोन तासात हातात मिळतो. ८.८ ग्रेडचा हाय टेन्साइल बोल्ट वापरायचा, खाली स्प्रिंग वॉशर. मी स्वतःच्या गाडीला केलंय, तीन पावसाळे झाले.

---

घाटवाट

लेथवालेसाहेब, तुमच्या हाताबद्दल शंका नाही, पण या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. कारण मी भोगलंय.

मीही असेच पेग खाली घेतले होते, एका वर्कशॉपमधनं. दिसायला काम चांगलं होतं. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना डाव्या वळणाला पेग रस्त्याला घासला. कंपनीचा पेग घासला तर तो वरच्या बाजूला दुमडतो, त्याला बिजागरी त्यासाठीच दिलेली असते. माझ्या पेगला जोर यावा म्हणून त्या माणसानं बिजागरीला वेल्डिंगचा टाका मारून ठेवला होता. पेग दुमडला नाही, तटला. मागचं चाक क्षणभर हलकं झालं आणि गाडी आडवी झाली. समोरनं एसटी येत नव्हती म्हणून हे लिहितोय. हात दीड महिना गळ्यात होता.

पुण्याच्या हायवेवर गाडी सरळ पळते, तिथं एक इंच कमी झालेला कळणार नाही. आपल्याला कोकणाकडं उतरायचं तर घाटच घाट आहेत: आंबा, करूळ, फोंडा, आंबोली. कोल्हापूरच्या माणसानं गाडी झुकवायची जागा विकून गुडघ्याचा आराम घेऊ नये.

---

लेथवाला, उद्यमनगर

वाचून वाईट वाटलं. बिजागरीला टाका मारणं हा गुन्हाच आहे, त्याला मी काम म्हणत नाही. पण चूक टाक्याची, खाली घेण्याची नव्हे. दुमडणारा पेग तसाच ठेवून फक्त ब्रॅकेट खाली आणायचा, हे मी म्हणतोय.

आणि एक गोष्ट कबूल करतो, ती पहिल्यांदाच लिहायला हवी होती. पेग खाली आला की ब्रेकचा पेडल आणि गिअरचा लिव्हरही त्याच मापात खाली आणावा लागतो. लिव्हर शाफ्टवर एखादा दाता फिरवून बसतो. पेडल खाली घेतला की मागच्या ब्रेकलाइटचा स्विच परत सेट करायचा. बरेच जण हे विसरतात, आणि मग एकतर दिवा पेटतच नाही, नाहीतर पेटूनच राहतो.

---

तालमीतला

मला हे सगळं पैसे घालवणं वाटतं. आमच्या तालमीत साडेसहा फुटी पैलवान आहेत, साध्या शंभर सीसीच्या गाडीवर सांगली-मिरज करतात. मांड्या तयार असल्या की काही होत नाही. रोज शंभर बैठका मारा, दर तासाला गाडी थांबवा, पाणी प्या. गाडीला कशाला हात लावायचा?

---

पंचगंगाकाठ

दादा, बैठका मीही मारतो आणि थांबतोही. पण मांडीचं हाड व्यायामानं आखूड होत नाही. ज्या साच्यात ते बसवायचंय तो साचाच लहान असेल तर ताकद त्याला काय करणार? सांगली पन्नास किलोमीटरच्या आत येते. मी बोलतोय ते पाच तासांच्या बैठकीबद्दल.

---

फिजिओ, ताराबाई पार्क

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, म्हणून लिहिते. गुडघा बराच वेळ दुमडलेला राहिला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, त्यामुळं वाटीमागं दुखतं. नाटक-सिनेमाला दोन-तीन तास बसून उठताना काहींना हेच दुखतं. तिथं कोन उघडणं हाच उपाय, आणि सीट उचलून तो उघडतो.

पण तालमीतले दादा म्हणतात ते थांबणं सोडू नका, त्याचं कारण वेगळं आहे. पोटरीचा स्नायू आवळला-सैलावला की पायातलं रक्त वर ढकललं जातं. पाय एका जागी असले की हा पंप बंद. चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला तर शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये सांगितलं होतं. मुळात ती शक्यता फार कमी आहे, घाबरायचं कारण नाही. पण अतिउंच माणसांत ती थोडी वाढते, म्हणून तुम्ही विशेष जपा. प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखली, तर चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

थांबल्यावर मोबाइल बघत गाडीला टेकून उभं राहू नका. गाडीला हात धरून वीस वेळा टाचा उचला. मग एक पाय मागं धरून मांडीचा पुढचा भाग ताणा. दोन मिनिटांचं काम आहे.

---

साडेपाच फुटी भाऊ

आमच्या घरात गाडी एक आणि चालवणारे दोघं. थोरला सहा फूट एक, मी पाच-पाच. त्यानं सीट वाढवली आणि माझी फक्त बोटं टेकायला लागली. महाद्वार रोडच्या गर्दीत दोनदा गाडी कलंडता कलंडता वाचली. मागं बसणाऱ्या आईचं तर वेगळंच, तिला टांग टाकून चढताच येईना. घरात एकच उंच असेल तर बाकीच्यांचाही विचार करा. सरळ त्याच्या मापाची दुसरी गाडी घ्यावी, हे माझं मत. हिमालयन ४५० ची सीट ८२५ वरनं ८४५ मिमीला नेता येते.

---

पंचगंगाकाठ

भाऊ, तुझा मुद्दा मनापासून मान्य. म्हणूनच मी ओरिजिनल सीट कापली नाही. रविवारी घरचं कोणी गाडी नेणार असेल तर किल्ली आणि दोन बोल्ट, पाच मिनिटांत जुनी सीट बसते. नवीन गाडी मात्र सगळ्यांना परवडत नाही रे. फोम आणि कव्हर परवडतं.

---

हायवे पेगवाला

कोणी क्रॅशगार्डवरच्या पेगांबद्दल चांगलं बोलेना म्हणून मी बोलतो. कोल्हापूर-बेंगळुरू दोनदा केलंय. निपाणी सोडली की पाय पुढं लांब करायचे, दहा मिनिटांनी परत मागं. पाय सतत सरळ ठेवायचे नसतात, आसन बदलायचं असतं. सीट वाढवून एकच नवीन आसन मिळतं, मला दोन मिळतात.

---

घाटवाट

तुमचा अनुभव खरा असेल, पण हिशोब बघा. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पाय पुढनं उचलून ब्रेकवर आणायला एक सेकंद धरा. सध्या हायवेवर रुंदीकरणाची कामं आणि डायव्हर्जन आहेत, कुठं उसाची ट्रॉली बिनदिव्याची आडवी येईल सांगता येत नाही. तिथं २२ मीटर म्हणजे सगळंच. शिवाय पाय पुढं गेले की अंगाचा सगळा भार माकडहाडावर, खड्डा आला की थेट मणक्यात. मागचा ब्रेक पायाखाली नाही अशा स्थितीत मी कोणालाच जाऊ देणार नाही.

---

हायवे पेगवाला

रस्ता पूर्ण मोकळा असला तरच वापरतो, रात्री कधीच नाही. तरी ट्रॉलीचा मुद्दा पटला. गाळपाच्या दिवसांत पाय मागंच ठेवीन.

---

लेथवाला, उद्यमनगर

धागाकर्त्या, एक विचारतो. फोम भरायच्या आधी दीड इंचच पाहिजे हे तुला कसं कळलं? अंदाजानं पैसे घातलेस काय?

---

पंचगंगाकाठ

नाही. घरातलं जुनं घोंगडं चार पदरी घडी करून सीटवर टाकलं, दोन बंजी दोरांनी आवळलं आणि पन्हाळा करून आलो. चार पदरांनी बरं वाटलं. सहा पदर केले तर टाकीवरची गुडघ्याची पकड सुटायला लागली आणि वारा गुडघे बाहेर ढकलायला लागला. मग बसल्यावर चार पदर दबून किती उरतात ते टेपनं मोजलं, दीड इंच भरले. तेवढाच फोम सीटवाल्याकडनं घेतला. मऊ फोम घेऊ नका, महिन्यात बसतो आणि परत जिथल्या तिथं.

---

लेथवाला, उद्यमनगर

हे आवडलं. येत्या रविवारी मी माझ्या गाडीचे पेग परत वर घेतो, घोंगडं टाकतो आणि गगनबावडा करून येतो. जाऊन येऊन एकशेदहा किलोमीटर होतात. घाटवाट, तुम्हीही चला, वळणावर पेग कुठवर येतो ते तुम्हीच मागनं बघा. पटलं तर ब्रॅकेट काढून ठेवीन. नाही पटलं तर इथंच परत भांडू.

---

घाटवाट

येतो. सहा वाजता रंकाळ्यावर. टेप मी आणतो.