स्वतःच्या वजनाने वाकणारा आरसा खाली टेस्ट करून उपयोग काय?

खगोलवेडा: जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीचा आरसा साडेसहा मीटरचा, १८ तुकडे, जाताना घडी घातलेला, आणि वर गेल्यावर सगळं नॅनोमीटरमध्ये जुळायला हवं. पण इथे खाली गुरुत्वाकर्षणाने सगळं वाकतंच ना? वर ती थंडी. मग खाली काय तपासतात नेमकं?

लेन्सवाला: वाकणं थांबवत नाहीत, मोजून वजा करतात. आरसा एकदा मापायचा, मग फिरवून परत मापायचा, वजनाने आलेला वाक जमिनीच्या दिशेलाच राहतो आणि आरशाची स्वतःची चूक आरशाबरोबर फिरते, असं दोन्ही वेगळं काढता येतं. थंडीचं तर भारीच आहे, बेरिलियम या हलक्या धातूचे तुकडे गार करून मापले, किती बिघडतात ते बघितलं आणि मग तेवढेच उलट्या बाजूने बिघडवून पॉलिश केले! म्हणजे खोलीच्या तापमानाला ते मुद्दाम चुकीचे, उणे २३० अंश सेल्सिअसच्या आसपास बरोबर.

धागादोरा: आरशाचं कौतुक सगळे करतात, मागच्या चौकटीचं कोणी नाव काढत नाही. ती कार्बन फायबरची आहे, थंडीत फायबर जवळपास हलत नाही पण त्याला धरून ठेवणारं रेझिन (डिंकासारखं) आकसतं, म्हणून थरांच्या दिशा अशा लावतात की एकमेकांचं हलणं कापलं जावं. कागदावरच्या हिशोबावर विसंबून राहिले नाहीत, आधी चौकटीचा फक्त एक भाग बनवून गार केला आणि लेसरने त्याचं हलणं मोजलं. २०१७ मध्ये ह्यूस्टनला नासाच्या अपोलो चांद्रमोहिमांच्या काळातल्या थंड निर्वात चेंबरमध्ये आख्खी दुर्बीण छताला टांगून तपासली, टांगली कारण इमारतीची थरथर नको, आणि नेमकं त्याच वेळी हार्वे वादळ आलं, तरी टेस्ट चालूच.

खगोलवेडा: मग आधीच्या हबल अंतराळ दुर्बिणीचा आरसा कसा चुकला?

लेन्सवाला: मापायचं उपकरणच चुकीचं जोडलेलं, त्यातली एक लेन्स १.३ मिमी सरकलेली. आरसा अगदी अचूक घासला, पण चुकीच्या आकारात. आणि राग याचा येतो की दुसऱ्या दोन उपकरणांनी गडबड दाखवली होती, ती कमी अचूक म्हणून बाजूला सारली 🤦

धागादोरा: वेबमध्ये तुकडे वर गेल्यावरही मोटरने हलवता येतात, प्रत्येक तुकडा सहा प्रकारे, शिवाय वक्रता वेगळी. त्यामुळे खाली शेवटचं जुळणं सिद्ध करायची गरजच नाही, चूक मोटरच्या आवाक्यात आहे एवढं दाखवलं की झालं. पुढच्या दुर्बिणींना ताऱ्याशेजारचा पृथ्वीएवढा ग्रह बघायचाय, तिथे स्थिरता पिकोमीटरमध्ये (नॅनोमीटरचा हजारावा भाग) लागणार, तेव्हा खरी मजा.