कारागृहातील वर्ग : सुटकेनंतर उपयोगी पडेल असे नेमके काय शिकवावे?

खडूफळा यांचा प्रश्न :

माध्यमिक शाळेत तीस वर्षे भाषा आणि गणित शिकवून मी निवृत्त झालो असून आता एका कारागृहात आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तासाचा वर्ग घेण्याची परवानगी मला मिळाली आहे. पहिल्या दिवशी बावीस जण आले. त्यांतील एकाला सहीही येत नव्हती, तर दुसऱ्या एकाची पदवीची दोन वर्षे पूर्ण होऊन शिक्षण अर्धवट राहिलेले होते. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या वाढावी अशी प्रशासनाची अपेक्षा आहे, आणि हाताला काम मिळेल असे काहीतरी शिकवावे असे माझ्या सोबत्यांचे म्हणणे आहे. बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या वर्षात उपयोगी पडेल असे, एवढ्या वेळात, काय शिकवता येईल? शिवाय शिक्षणामुळे माणूस पुन्हा आत येण्याचे प्रमाण घटते असे आपण म्हणतो, त्याला काही आधार आहे, की ती आपली शिक्षकांची गोड समजूत आहे?

आकडेमोड यांचे उत्तर :

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेने २०१३ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचा संभव, सांख्यिकीत ज्याला 'ऑड्स' (वळणारे आणि न वळणारे यांचे गुणोत्तर) म्हणतात त्या मापाने, ४३ टक्क्यांनी कमी आढळला. साध्या टक्केवारीत हा फरक सुमारे १३ अंकांचा भरतो. शिक्षणावरील एका डॉलरमागे पुढच्या तीन वर्षांत पुन्हा कैदेत ठेवण्याचा चार ते पाच डॉलर खर्च वाचतो, असा त्यांचा अंदाज होता. मात्र ४३ हा आकडा फलकावर लिहिण्याआधी थोडे थांबावे. वर्गाला आपणहून येणारा माणूस बहुधा आधीच बदलाच्या वाटेवर असतो, त्यामुळे श्रेय किती वर्गाचे आणि किती त्याचे स्वतःचे, हे वेगळे काढणे अवघड असते. म्हणून समजूत गोड असली तरी निराधार नाही, एवढेच मी म्हणेन.

बंद्यांना कसे वागवावे याबद्दल संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या 'नेल्सन मंडेला नियमां'तील १०४ वा नियम आपण जरूर वाचावा. निरक्षर आणि तरुण बंद्यांचे शिक्षण सक्तीचे असावे, हे त्यात आहेच. पण माझ्या मते त्यातला महत्त्वाचा भाग पुढचा आहे : हे शिक्षण शक्यतो देशाच्या सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेशी जोडलेले असावे, म्हणजे सुटकेनंतर ते विनासायास पुढे चालू ठेवता येईल. नॉर्वेत याच धर्तीवर तुरुंगातील शिक्षक तुरुंग खात्याचे नसतात. नेहमीच्या शिक्षणव्यवस्थेतलेच शिक्षक आत येऊन शिकवतात.

सुटलेला :

मी सात वर्षे आत होतो, तेव्हा अनुभवाचेच सांगतो. आतल्या भाषेत 'मुलाखत' म्हणजे भेटीचा दिवस. जाळीपलीकडे घरचे उभे असतात आणि वेळ संपत आलेली असते. बाहेर आल्यावर नोकरीच्या मुलाखतीचे पत्र हातात पडले तेव्हा तोच शब्द वाचून माझ्या पोटात गोळा आला, आणि समोरच्याने "मधली सात वर्षे काय करत होतात?" असे विचारल्यावर मी खोटे बोललो. आठवड्याने ते उघडकीला आले आणि काम गेले. गुन्हा, शिक्षा आणि त्या काळात शिकलेले काम ही तिन्ही चार वाक्यांत, रडगाणे न गाता आणि न लपवता, कशी सांगायची याचा सराव कोणी माझ्याकडून दहा वेळा करून घेतला असता, तर ती नोकरी कदाचित टिकली असती. आपण भाषेचे शिक्षक आहात. हे काम आपल्याइतके चांगले दुसरे कोण करील?

दुसरे म्हणजे अर्ज. आत माणूस वर्षानुवर्षे सगळे तोंडी किंवा दुसऱ्याकडून लिहवून मागतो. बँकेचे खाते, हरवलेले ओळखपत्र, भाड्याच्या खोलीचा करार, मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक : पहिल्या पंधरा दिवसांत हे सगळे एकदम अंगावर येते. मला गणिताची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा अभिमान होता, पण यंत्रातून पैसे काढताना मागे रांग लागली आणि मी तसाच परत फिरलो.

रात्रशाळा :

अशा वर्गांचा मलाही काही वर्षांचा अनुभव आहे. वर्षभराचा अभ्यासक्रम आखू नका. न्यायाधीन बंदी कोणत्याही दिवशी जामिनावर सुटतो, शिक्षा झालेल्याची बदली होते, आणि मग अर्धा धडा कोणाच्याच कामाचा उरत नाही. तीन-चार आठवड्यांत पुरा होईल असा एकेक तुकडा घ्या. ज्यांना अक्षरे दिसत नाहीत त्यांची आधी डोळे-तपासणी करून घ्या. माझ्या वर्गात 'मला वाचता येत नाही' म्हणणाऱ्या तिघांना फक्त चष्मा हवा होता, आणि हे कबूल करण्यापेक्षा अडाणी ठरणे त्यांना सोपे वाटत होते. प्रौढांपुढे बालवाडीचे पुस्तक ठेवू नका. घरून आलेले पत्र किंवा खटल्याचा कागद हेच पहिले पाठ्यपुस्तक.

पदवीची दोन वर्षे झालेल्या त्या गृहस्थांना मात्र विद्यार्थी म्हणून बसवून ठेवू नये. सही न येणाऱ्याला शिकवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा. आपण आठवड्याचे तीन तास तिथे असता, ते दिवसरात्र तिथेच असतात.

हजेरीचा प्रश्न येईलच. ब्राझीलने तो कायद्याने सोडवला : २०११ पासून तिथे १२ तासांच्या अभ्यासामागे शिक्षेचा एक दिवस कमी होतो, आणि वाचनाच्या योजनेत पुस्तक वाचून त्यावर लिहिल्यास चार दिवसांची सूट मिळते. तसे काही आपल्या हाती नाही, हे मान्य आहे.

खडूफळा :

सर्वांचा आभारी आहे. पहिला तुकडा अर्जलेखनाचा आणि त्यापाठोपाठ मुलाखतीचा घेण्याचे ठरवतो आहे. परीक्षेची तयारी ज्यांना हवी त्यांच्यासाठी शेवटचा अर्धा तास राखून ठेवीन. बदली झाली तर शिकलेल्याची नोंद पुढच्या ठिकाणी पोहोचावी, यासाठी काय करावे?

सुटलेला :

कार्यालयातल्या नोंदवहीवर विसंबू नका. माझी वही माझ्याआधी कधीच पोहोचली नाही. प्रत्येक तुकडा संपला की काय शिकवले, किती तास, आणि आपली सही, एवढे एका कागदावर लिहून त्याची प्रत त्या माणसाच्या हातात द्या. आणि त्यावर वर्गाचे नाव लिहा, कारागृहाचे नको. तो कागद त्याला उद्या कोणाच्या तरी टेबलावर ठेवायचा आहे.